वाचकांचे प्रश्न: डायनॅमोचं चार्जिंग आणि जुन्या गाडीचं वायरिंग

यावेळी आलेली बहुतेक पत्रं डायनॅमोवरच आहेत, म्हणजे जुन्या गाडीत इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरवर, म्हणून अख्खा कॉलम त्यालाच देतोय. पत्रं लांब होती, थोडी कापली आहेत, पण मुद्दा तसाच ठेवलाय.

प्रश्न: सर नमस्कार. माझ्याकडे 1950 च्या दशकातली ब्रिटिश सलून (सेडान) गाडी आहे, लुकास कंपनीचा डायनॅमो आणि पाच टर्मिनलचा रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारी डबी), पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला). गाडी पूर्ण उघडून बॉडी रंगवली, वायरिंग सगळं नवीन केलं. आता चावी फिरवली की चार्जिंगचा लाल लाइट लागतो, गाडी चालू करून थोडी रेस दिली की विझतो, पण अजून रेस दिली की परत पेटतो आणि आधीपेक्षा जास्त प्रखर होतो. ॲम्पिअर मीटर शून्याच्या पुढे जातच नाही. इलेक्ट्रिशियन म्हणतो रेग्युलेटर गेला, नवीन टाका. टाकू का?

उत्तर: नका टाकू, निदान आत्ता तरी नाही. लाइट विझून परत पेटतोय ही फार कामाची खूण तुम्ही लिहिलीत, बहुतेक जण फक्त 'चार्जिंग होत नाही' एवढंच लिहितात आणि मग उत्तर देणाऱ्याने अंदाज मारत बसायचं.

तो लाल लाइट कुठे जोडलेला असतो ते आधी बघू. त्याचं एक टोक इग्निशनच्या पांढऱ्या वायरला, म्हणजे बॅटरीकडे, आणि दुसरं रेग्युलेटरच्या डी टर्मिनलला, म्हणजे डायनॅमोकडे. दोन्हीकडे सारखे व्होल्ट असले की लाइट बंद, फरक पडला की चालू. गाडी बंद असताना डायनॅमोकडे शून्य म्हणून लाइट लागतो. रेस दिल्यावर डायनॅमो 12 व्होल्टपर्यंत चढला, फरक संपला, लाइट विझला. इथे कटआउट, म्हणजे रेग्युलेटरच्या डबीतला आपोआप चालणारा स्विच, बसायला हवा आणि डायनॅमो बॅटरीला जोडला जायला हवा, तुमच्याकडे तो बसतच नाही, त्यामुळे डायनॅमो एकटाच वर चढत जातो, 15, 18, 20 व्होल्ट, परत फरक तयार होतो आणि लाइट उलट्या बाजूने पेटतो. म्हणजे डायनॅमो चांगला आहे, उत्तम आहे, फक्त त्याला बॅटरीपर्यंत जाऊ दिलं जात नाहीये आणि कोणी आवरतही नाहीये.

कटआउट बसत नाही आणि व्होल्टेजही आवरलं जात नाही, दोन्ही एकदम. दोन वेगळ्या कॉइल एकाच दिवशी जाणं अवघड, पण त्या दोघींना एक गोष्ट सामाईक आहे, ती म्हणजे ई टर्मिनलचं अर्थिंग, बॉडीशी असलेली जोडणी. आणि तुम्ही नुकतीच बॉडी रंगवली आहे. माझा सगळा संशय त्या रंगावर आहे. ईची काळी वायर ज्या बोल्टला लावली आहे तो बोल्ट काढा, थिंबलच्या (वायरीच्या टोकाच्या कडीच्या) खाली बघा, बहुतेक प्रायमर आणि रंगाचा जाड थर दिसेल, बोल्ट घट्ट असून करंटला वाटच नाही. तेवढीच गोल जागा काचपेपरने घासा, चकचकीत पत्रा दिसेपर्यंत, नुसती रेघ ओढल्यासारखं नको, मग दातेरी वॉशर, त्यावर थिंबल, मग बोल्ट, आणि घट्ट केल्यावर वरून थोडं ग्रीस म्हणजे गंज धरणार नाही. हे करायच्या आधी खात्री करायची असेल तर एक सुटी वायर ई टर्मिनलपासून थेट डायनॅमोच्या अंगाला, रंग नसलेल्या जागी लावा आणि गाडी चालू करा. लाइट विझला आणि विझलेलाच राहिला, मीटरचा काटा चार्जकडे गेला, तर नवीन रेग्युलेटरचे पैसे वाचले. तोपर्यंत मात्र रेस देऊन देऊन बघू नका, सध्या फील्ड कॉइलला, म्हणजे डायनॅमोत चुंबकत्व तयार करणाऱ्या कॉइलला, पूर्ण व्होल्टेज जातंय, ती तापते.

इंजिन आणि चासी यांच्यातली जी विणलेली अर्थ पट्टी असते ती पण बघून घ्या. इंजिन रबर माउंटिंगवर बसलेलं असतं, पट्टी विसरली असेल तर करंट ॲक्सिलरेटर किंवा चोकच्या केबलमधून रस्ता शोधतो, आणि ती केबल गरम होते, कधी कधी आतून चिकटून बसते.

आता वायरिंग नवीन आहे तर एकदा सगळ्या वायरी जुळवून घ्या. डायनॅमोवर दोनच टर्मिनल, मोठं डी आणि छोटं एफ. डीमधून डायनॅमोने तयार केलेला सगळा करंट येतो, म्हणून ती वायर जाड हवी, 3 ते 4.5 स्क्वेअर एमएम. एफमधून फील्डला फक्त 2 ॲम्पिअरच्या आसपास जातो, तिथे 1 स्क्वेअर एमएम पुरते. जुन्या लुकास हार्नेसमध्ये डी पिवळी आणि एफ पिवळी-हिरवी असते, नंतरच्या गाड्यांत डी तपकिरी-पिवळी आणि एफ तपकिरी-हिरवी. या दोन अदलाबदल झाल्या तर डायनॅमोचा अख्खा करंट रेग्युलेटरच्या आतल्या नाजूक, उघडझाप करणाऱ्या पॉइंटमधून जायला लागतो, ते पॉइंट 2 ॲम्पिअरसाठी बनवलेले असतात, ते जळणारच.

रेग्युलेटरवर ए, ए1, डी, एफ, ई अशी पाच टर्मिनल. ए वरून जाड तपकिरी वायर बॅटरीकडे, मध्ये ॲम्पिअर मीटर असेल तर त्यातून. ए1 वरून तपकिरी-निळी, ती लाइटच्या स्विचला आणि इग्निशनला. ए आणि ए1 वरवर बघितलं तर सारखेच वाटतात, बरेच जण दोन्ही वायरी एकाच स्क्रूखाली दाबतात आणि गाडी चालते सुद्धा, पण मध्ये जाड तारेचे काही वेढे आहेत आणि ते उगाच नाहीत. लाइट, वायपर यांचा करंट त्या वेढ्यांतून गेला की रेग्युलेटरला कळतं लोड वाढला, मग तो व्होल्टेज थोडं खाली आणतो आणि डायनॅमोवर जास्त ताण येत नाही. तुम्ही लोड ए वर किंवा थेट बॅटरीवर टांगला की ही माहिती त्याच्यापर्यंत पोचतच नाही, डायनॅमो कुवतीच्या बाहेर राबतो आणि आर्मेचरची (आतल्या फिरत्या भागाची) सोल्डर वितळून बाहेर उडते, कव्हर उघडलं की आतल्या भिंतीवर सोल्डरचे चंदेरी ठिपके दिसतात.

एवढं करून लाइट नीट वागला नाही तर डायनॅमोची वेगळी टेस्ट घ्या. त्याच्या दोन्ही वायरी काढा, डी आणि एफ छोट्या तारेने एकमेकांना जोडा, मल्टिमीटरचं एक टोक तिथे आणि दुसरं डायनॅमोच्या अंगाला, तुमची गाडी पॉझिटिव्ह अर्थ आहे म्हणून लाल टोक अंगाला. इंजिन चालू करून हळूहळू जरा मोठ्या आयडलपर्यंत न्या, साधारण 1000 आरपीएम, काटा न अडखळता भराभर वर चढला पाहिजे, पण 20 व्होल्टपर्यंत जाऊ देऊ नका. तिथे थांबा, रेस मारू नका. काटा अजिबात हलला नाही तर कार्बन (आर्मेचरवर घासणारे ब्रश) बघा, 1 व्होल्टच्या आसपास अडकला तर फील्ड कॉइल, 4-5 व्होल्टवर अडकला तर आर्मेचर. फील्ड कॉइल ओहममध्ये मोजली तर सी39, सी40 डायनॅमोत साधारण 6 ओहम यायला हवेत, खूप कमी आले तर आत शॉर्ट आहे आणि अशी कॉइल रेग्युलेटरचे पॉइंट खाते, मग कितीही नवीन रेग्युलेटर टाका.

रेग्युलेटरच्या ॲडजस्टमेंटच्या स्क्रूला मात्र शेवटपर्यंत हात लावू नका, कोणी कितीही सांगितलं तरी. ते सेटिंग उघड्या सर्किटवर करायचं असतं, म्हणजे ए आणि ए1 च्या वायरी काढून एकमेकींना जोडायच्या आणि डी ते ई मोजायचं. लुकासच्या आरबी106/2 या पाच टर्मिनलच्या रेग्युलेटरला 20 डिग्रीला 16 ते 16.6 व्होल्ट हवेत. हा आकडा ऐकून लोक घाबरतात, बॅटरीला 16 व्होल्ट कसे चालतील म्हणतात, पण करंट वाहायला लागला की तेच वेढे त्याला खाली आणतात. बॅटरी जोडलेली असताना 14.2 दिसेपर्यंत स्क्रू फिरवला तर सगळं सेटिंग बिघडतं, आणि मग खरा फॉल्ट शोधणं दुप्पट अवघड होऊन बसतं.

प्रश्न: डायनॅमो रिपेअर करून आणला आणि बसवला, आता लाल लाइट विझतच नाही, रेस दिली की अजून प्रखर होतो आणि दोनदा बल्ब उडाला. कटआउट टक टक वाजतो आणि ठिणग्या दिसतात.

उत्तर: गाडी लगेच बंद करा आणि पुढचं केल्याशिवाय चालू करू नका. वरच्या पत्रातला लाइट आधी विझत होता आणि मग पेटत होता, तुमचा विझतच नाही, हा फरक मोठा आहे. तुमचा डायनॅमो उलटा चार्ज करतोय. डायनॅमोच्या लोखंडात थोडं चुंबकत्व शिल्लक राहतं, त्याच जोरावर तो दर वेळी उभा राहतो, आणि ते चुंबकत्व ज्या दिशेचं त्या दिशेचे व्होल्ट. दुकानात त्याला निगेटिव्ह अर्थवर टेस्ट केलं असेल आणि तुमची गाडी पॉझिटिव्ह अर्थ आहे, किंवा उलट. बॅटरीचे 12 आणि डायनॅमोचे उलटे 12 मिळून बल्बला 24 मिळतात, म्हणून तो उडतो. कटआउटला दिशा कळत नाही, तो बसतो आणि पॉइंटमध्ये दणका बसतो.

उपाय दोन मिनिटांचा आहे. इंजिन बंद. डायनॅमोवरची एफची वायर काढा, आधी काढायची, नाहीतर रेग्युलेटरच्या पॉइंटमधून शॉर्ट होईल. बॅटरीच्या लाइव्ह टोकावरून, म्हणजे जे बॉडीला लावलेलं नाही त्या टोकावरून, एक वायर आणा आणि डायनॅमोच्या एफला नुसती टेकवा, सेकंदभर, तीन-चार वेळा. छोटी ठिणगी उडते, ती हवीच, फील्ड कॉइलमधून करंट गेल्याची ती खूण. ठिणगी अजिबात नसेल तर कॉइल तुटलेली आहे. झालं, वायर परत लावा. डायनॅमो काढून बसवला, बॅटरीची दिशा बदलली, किंवा गाडी वर्षानुवर्षं उभी होती, तर हे करून घ्यायचंच. आणि पॉझिटिव्ह अर्थची निगेटिव्ह करताय तर त्याच वेळी ॲम्पिअर मीटरच्या वायरी आणि इग्निशन कॉइलच्या छोट्या टर्मिनलच्या वायरी पण उलट करा, रेडिओ किंवा इलेक्ट्रॉनिक काही असेल तर आधी काढून ठेवा.

कटआउटचे पॉइंट बघून घ्या, जळाले असतील तर बारीक काचपेपरची पट्टी मधून ओढा, मग स्पिरिटने पुसा. शेजारच्या रेग्युलेटरचे पॉइंट जास्त कडक धातूचे असतात, त्याला बारीक कार्बोरंडम दगड लागतो. एमरी पेपर कुठेही नको, त्याचा कण आत रुतून बसतो, कम्युटेटरवर, म्हणजे आर्मेचरच्या ज्या तांब्याच्या भागावर कार्बन घासतात तिथे, तर अजिबात नको.

प्रश्न: दिवसा सगळं ठीक. रात्री हेडलाइट लावल्या की चार्जिंगचा लाइट मंद, अगदी काजव्यासारखा दिसतो. चार्जिंग चालू आहे, मीटर दाखवतोय. दुर्लक्ष करू का?

उत्तर: दुर्लक्ष नका करू, पण घाबरायचंही नाही. लाइटच्या दोन बाजूंत अर्धा-एक व्होल्टचा फरक पडतोय, म्हणजे मध्ये कुठेतरी रेझिस्टन्स आहे आणि लोड वाढला की तो दिसतो. इंजिन जरा रेसवर ठेवा, हेडलाइट लावा, मल्टिमीटरने आधी डी ते ए मोजा, मग ए1 ते इग्निशनची पांढरी वायर. पहिल्यात जास्त आलं तर कटआउटचे पॉइंट किंवा टर्मिनलचे स्क्रू, दुसऱ्यात आलं तर तपकिरी-निळी वायर किंवा चावीचा स्विच, त्याचे आतले कॉन्टॅक्ट जुने झाले की काळे पडतात. हाताने पण कळतं, जो जॉइंट गरम लागतो तोच. एक-दोन दशांश व्होल्ट चालतील, त्यापेक्षा जास्त असेल तर जॉइंट साफ करा.

हॅलोजन बल्ब किंवा फॉग लाइट वाढवलेत का ते तुम्ही लिहिलं नाही. सी40 डायनॅमो 22 ॲम्पिअरचा, म्हणजे सगळं मिळून 300 वॉटच्या आत. 45 वॉटच्या दोन हेडलाइटना 7 ॲम्पिअर, छोटे लाइट 2, इग्निशन 3-4, वायपर 2-3, हीटरचा पंखा अजून तेवढंच, म्हणजे 18 च्या आसपास आधीच गेले आणि बॅटरी चार्ज करायला उरले चार. त्यात 55 वॉटचे दोन फॉग लाइट म्हणजे आणखी 8. हे गणित कुठलाही रेग्युलेटर बदलून सुटत नाही. आयडलवर तर डायनॅमो काहीच देत नाही, सिग्नलवर उभे असताना लाल लाइट लागला तर तो फॉल्ट नाही, तो त्याचा स्वभाव आहे.

प्रश्न: चावी लावली की लाल लाइट लागतच नाही, बल्ब नवीन टाकला तरी नाही. आणि दोन दिवसांत बॅटरी उतरते.

उत्तर: हे वाचल्या वाचल्या बॅटरीची वायर काढून ठेवा. नुसता लाइट लागत नाही एवढंच असतं तर मी म्हटलं असतं की कार्बन अडकला असेल किंवा डीची वायर सुटली असेल. पण बॅटरी पण उतरतेय, म्हणजे कटआउट चिकटून बसल्याची शक्यता जास्त आहे. इंजिन बंद असूनही बॅटरी डायनॅमोला जोडलेली राहते, डीवर पूर्ण व्होल्टेज असतं म्हणून लाइटला फरकच दिसत नाही. करंट डायनॅमोत उलटा जातो, तो मोटरसारखा फिरायला बघतो, पट्टा त्याला धरून ठेवतो, आणि सगळी ताकद उष्णतेत जाते. या गाड्यांत त्या जाड तपकिरी वायरीला सहसा फ्यूज नसतो, आग लागायला तेवढं पुरतं. तुमची बॅटरी दोन दिवस टिकते म्हणजे पॉइंट पूर्ण चिकटले नसतील, पण त्याची वाट बघू नका. झाकण काढून, बॅटरी सुटलेली असताना, कटआउटचे पॉइंट बघा, मध्ये फट दिसली पाहिजे. आणि बॅटरीला एक आयसोलेटर स्विच (बॅटरी पूर्ण तोडणारा) बसवून घ्या, जुन्या गाडीत हा मी प्रत्येकाला सांगतो.

प्रश्न: आजोबांची फोर्ड मॉडेल ए आहे, 6 व्होल्ट. तिला रेग्युलेटर दिसतच नाही, कोणी काढून टाकलाय का?

उत्तर: कोणी काढला नाही, तिला नव्हताच. तिचा डायनॅमो तीन कार्बनचा, वर बसलेली डबी म्हणजे फक्त कटआउट. तिसरा कार्बन फील्डला पुरवठा करतो आणि स्पीड वाढला की आर्मेचरच्या स्वतःच्या चुंबकत्वामुळे त्याला मिळणारे व्होल्ट कमी होतात, त्यामुळे करंट एका मर्यादेच्या वर जात नाही. फार सुंदर युक्ती आहे, एकही हलणारा पॉइंट नाही. तिसरा कार्बन फिरण्याच्या दिशेने सरकवला की चार्जिंग वाढतं, उलट सरकवला की कमी. 8-10 ॲम्पिअर खूप झाले.

पण हा डायनॅमो करंट सांभाळतो, व्होल्टेज नाही, व्होल्टेज बॅटरी सांभाळते. त्यामुळे इंजिन चालू असताना बॅटरीची वायर कधी, कधीही काढायची नाही, व्होल्टेज उसळतं आणि फील्ड, बल्ब सगळं जातं. सैल बॅटरी टर्मिनल सुद्धा तेच करतं. आणि दिवसभर लांब जाणार असाल तर बॅटरी भरली तरी चार्जिंग थांबत नाही, पाणी उकळून उडतं, म्हणून त्या काळी लोक भर दुपारी हेडलाइट लावून गाडी चालवायचे, तुम्हीही तेच करा. 6 व्होल्टला तेवढ्याच वॉटला दुप्पट करंट लागतो, तेव्हा 12 व्होल्टच्या हिशोबाच्या बारीक वायरी तिथे चालत नाहीत, मूळ जाडीच ठेवा.

प्रश्न: डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवू का? सगळे तेच सांगतात.

उत्तर: रोज रात्री चालवणार असाल, ट्रॅफिकमध्ये, तर बसवा, वाईट वाटून घेऊ नका. एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी सुद्धा 1967 च्या शेवटी अल्टरनेटरवर गेली. पण बहुतेक अल्टरनेटर निगेटिव्ह अर्थचे असतात, आणि जुना रेग्युलेटर त्याच्यासोबत चालत नाही, त्याला फक्त वायरी जोडायची पेटी म्हणून ठेवता येतं. जुन्या वायरी वाढलेल्या करंटला पुरतील का ते आधी बघा. अजून एक, डायनॅमोला लाल बल्ब उडाला तरी चार्जिंग चालू राहतं, अल्टरनेटरला बऱ्याचदा त्याच बल्बमधून सुरुवातीचा करंट मिळतो, बल्ब उडाला की चार्जिंग सुरूच होत नाही.

सुट्टीच्या दिवशी सकाळी फिरवायची गाडी असेल तर मी डायनॅमोच ठेवेन. मागच्या बुशला तेलाचे थोडे थेंब, जास्त नाही कारण ते कम्युटेटरवर जातं, पट्टा मधोमध अंगठ्याने दाबला तर अर्धा इंच, कार्बन वेळेवर, एवढ्यावर तो वर्षानुवर्षं चालतो.

प्रश्न: अमेरिकन गाडीच्या डायनॅमोचं पोलरायझिंग (चुंबकत्वाची दिशा ठरवणं) पण एफला वायर टेकवूनच करायचं ना?

उत्तर: आधी बघा कुठलं सर्किट आहे. फील्डचं एक टोक डायनॅमोच्या आतच अर्थ केलेलं असेल, जसं लुकासमध्ये आणि बऱ्याच फोर्डमध्ये असतं, तर हो, एफची वायर रेग्युलेटरवरून काढून ती बॅटरीच्या लाइव्हला टेकवायची. पण डेल्को या अमेरिकन कंपनीच्या डायनॅमोसारख्या डायनॅमोत फील्ड आत आर्मेचरला जोडलेलं असतं आणि अर्थ रेग्युलेटरमधून मिळतो, तिथे रेग्युलेटरवर बॅटरी आणि आर्मेचर या दोन टर्मिनलमध्ये क्षणभर तार टेकवायची, एफला हात लावायचा नाही. ओळखायचं कसं, तर सगळ्या वायरी काढून, कार्बनखाली कागद सरकवून एफ ते बॉडी ओहम मोजा, थोडे ओहम दाखवले तर आत अर्थ आहे, काहीच दाखवलं नाही तर दुसरा प्रकार.